सतरा नंबरची पेटी

दुकानात नवीन लागलेल्या माणसाला पहिले चार दिवस वाटायचं की ‘पाणके’ हे काकांचं आडनाव. मग कोणीतरी हसत सांगायचं, अरे बाबा, ते आडनाव नाही, ते त्यांचं काम. सिगारच्या दुकानाला मागच्या अंगाला एक ओली खोली असते, सिगारी सुकू नयेत म्हणून. तिथल्या पसरट तबकांत रोज सकाळी मोजून पाणी घालायचं, भिंतीवरच्या काट्यावर हवेतला ओलावा बघायचा, जास्त झाला तर झडप उघडायची, कमी झाला तर तबक वाढवायचं. बारा वर्षं काकांनी हेच केलं. मालकीणबाईंचे वडील हयात होते तेव्हा त्यांनी गमतीने ‘पाणक्या’ अशी हाक मारली आणि ती चिकटली ती चिकटलीच. म्हातारे गेले, नाव राहिलं.

पाणकेकाकांनी जन्मात एक झुरका मारला नव्हता. पण सिगार हातात घेतली, अंगठ्याने हलकेच दाबली, न पेटवताच एक दम ओढून बघितला, की तिची सगळी कुंडली सांगायचे. आत पान कुठे दाटलंय, कुठे पोकळ राहिलंय, वळणाऱ्याला घाई होती का. त्यांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. एखादी महागडी पेटी त्यांना पटली नाही तर गिऱ्हाइकाच्या तोंडावर सांगत, साहेब, हे पैसे तुम्ही पेटीच्या पितळी बिजागरीचे देताय. मालकीणबाई कपाळाला हात लावायच्या. पण त्याच खरेपणावर गिऱ्हाईक परत यायचं, हे त्यांना पुरतं ठाऊक होतं.

तर अशा माणसाने उभ्या आयुष्यात गिऱ्हाइकाशी एकदाच खोटं बोलावं, आणि तेही कुणाबद्दल? बायकोबद्दल.

त्यासाठी थोडं मागे जावं लागेल. दुकानात येण्याआधी काका एका लहानशा सिगारच्या कारखान्यात तपासनीस होते. चाळीस बायका-पुरुष मेजांवर बसून सिगार वळायचे, आणि सतरा नंबरच्या मेजावर काकांची बायको बसायची. डावखुरी होती. सिगारच्या टोकाला पानाची इवलीशी टोपी चिकटवतात, ती टोपी ती इतरांच्या उलट बाजूने फिरवायची. हजार सिगारींच्या ढिगात तिची एक असती तरी काकांनी डोळे मिटून काढून दाखवली असती.

तपासणीची रीत अशी की पंचवीसच्या प्रत्येक गठ्ठ्यातली एक सिगार सुरीने उभी चिरायची आणि आतलं भरण बघायचं. चिरलेली गेली कचऱ्यात, आणि ती वळणाऱ्याच्या मजुरीच्या मोजणीत धरत नसत. सगळ्यांच्या गठ्ठ्यातली एक. सतरा नंबरच्या गठ्ठ्यातल्या मात्र दोन. का? तर लोक काय म्हणतील! तपासनीस बायकोला झुकतं माप देतो असं कोणी म्हणायला नको. काकांना धुतल्या तांदळासारखं स्वच्छ राहायचं होतं, आणि ते धुणं चाललं होतं दुसऱ्याच्याच कष्टावर. अकरा वर्षं! दिवसाला पाच-सहा गठ्ठे धरले तर या माणसाने बायकोच्या हातच्या किती सिगारी फुकट चिरल्या, याचा हिशेब त्यांनी कधी केला नाही. बरं, आत दोष सापडला म्हणाल तर एकदाही नाही. भरण कसं, तर विंचरलेल्या केसांसारखं सरळ.

ती कधी भांडली नाही. संध्याकाळी घरी भाजी निवडताना तेवढं विचारायची, आज कशा निघाल्या? काका म्हणायचे, चालतील. तपासनिसाने हाताची तारीफ केली की हात ढिला पडतो, असं कारखान्यात मानत. आता घरात कोण बसलं होतं ऐकायला? पण काही माणसं कारखान्याचा दरवाजा ओलांडून घरी येतच नाहीत, तसं काकांचं होतं.

मग कारखाना बंद पडला. शेवटच्या दिवशी उरलेल्या उत्तम पानांतून प्रत्येकाने आपल्या हातची एकेक पेटी भरायची असं ठरलं. पेटीच्या बुडाला वळणाऱ्याचा नंबर. तपासणी नेहमीसारखी, फक्त चिरलेल्याच्या जागी दुसरी वळायला पान शिल्लक नव्हतं. म्हणून सगळ्या पेट्यांत चोवीस, आणि रिकाम्या जागेत कागदाचा बोळा. सतरा नंबरच्या मेजापाशी काका आले तेव्हा सगळा कारखाना बघत होता. त्यांनी एक चिरली. हात क्षणभर थांबला. मग दुसरीही चिरली.

ती म्हणाली, “आज तरी सांगा. कशा निघाल्या?”

“चालतील,” काका म्हणाले आणि अठरा नंबरकडे वळले.

तिने त्या दोन रिकाम्या जागांत देवदाराच्या दोन छोट्या कांड्या बसवल्या, सिगारीच्या मापाच्या, छान तासलेल्या. पेटी बंद केली.

त्या साऱ्या पेट्या मालकीणबाईंच्या वडिलांनी विकत घेतल्या, आणि पेट्यांबरोबर काकाही दुकानात आले. तेव्हा सतरा नंबरची पेटी काकांना सहज परवडली असती. पण वळणारीच रोज घरात समोर बसलेली असताना तिच्या हातची पेटी कोण विकत घेतो? सहा वर्षांनी ती आजारी पडली आणि चार महिन्यांत गेली. तोवर बंद कारखान्याचा माल म्हणून त्या पेट्यांची किंमत आकाशाला भिडली होती. बैल गेला नि झोपा केला, दुसरं काय. काकांनी ती पेटी सगळ्यात वरच्या फळीवर, दोन मोठ्या पेट्यांच्या मागे सारली. रोज सकाळी पाणी घालून झालं की शिडीवर चढून ती उघडायचे, एखादी उलट्या टोपीची सिगार बोटांनी किंचित फिरवून ठेवायचे आणि खाली उतरायचे. घरात तिचे कपडे होते, चष्मा होता, पण तिच्या हातचं असं काही घरात नव्हतं. जे होतं ते या फळीवर.

मालकीणबाईंना सगळं दिसत होतं. त्या व्यवहाराला चोख बाई, पण दगड नव्हेत. त्यांनी काकांना सांगून ठेवलं होतं की तुम्ही निवृत्त व्हाल त्या दिवसापर्यंत ती विकली गेली नाही, तर वडिलांनी जी किंमत दिली त्या किमतीला घेऊन जा. त्याआधी मागणारा आला तर मात्र माझा नाइलाज आहे.

निवृत्तीला पंधरा दिवस उरले आणि मागणारा आला.

पूल बांधणारा कंत्राटदार होता. माणूस दणकट, बोलणं रोखठोक. लग्नानंतर सात वर्षांनी मुलगी झाली होती, म्हणून अडीअडचणीला पाठीशी उभ्या राहिलेल्यांना एकेक उत्तम सिगार द्यायची होती. त्याने तीन पेट्या काढायला लावल्या. पहिली समुद्रापलीकडची, काकांच्या महिन्याच्या पगाराएवढ्या किमतीची. दुसरी दोन महिन्यांची. आणि तिसरी, बंद कारखान्याची शेवटच्या दिवसाची, तीन महिन्यांची. तिच्याबद्दल त्याने कुठेतरी वाचलं होतं. मालकीणबाईंनी काकांकडे पाहिलं, मग नजर खाली केली. त्या कारखान्याच्या बाकीच्या पेट्या केव्हाच विकल्या गेल्या होत्या, सतरा नंबरचीच काय ती उरली होती. काका शिडी चढले.

कंत्राटदाराचा प्रश्न साधा होता. या किमती पानाच्या की नावाच्या? प्रत्येकातली एकेक पेटवू, त्या तिन्हींचे पैसे माझे, आणि तुम्ही मला खरं सांगा.

पहिली काकांनी दाबून पाहिली आणि सांगितलं, घट्ट आहे, दम लागेल ओढताना. तसंच झालं. दुसरीचं पान सुरेख मुरलेलं होतं, पण भरण एका बाजूला जास्त, त्यामुळे ती तिरकी जळायला लागली. तरी चांगली आहे, काकांनी कबूल केलं, अर्धी किंमत पानाची, अर्धी नावाची. मग तिसरी. उलट फिरवलेल्या टोपीवर काकांनी कात्री ठेवली. आणखी एक, त्यांच्या मनात आलं. ज्या हाताने हजारो कापल्या, त्या हाताने आणखी एक.

ती एका रेषेत जळली. राख पांढरी, सरळ, बोटाएवढी झाली तरी पडेना. कंत्राटदार खुर्चीत मागे रेलून धुराकडे बघत बसला होता, आणि काकांना कळून चुकलं की पेटी गेली.

तेवढ्यात त्याचं लक्ष उघड्या पेटीकडे गेलं. मी तर वाचलं होतं की या पेट्यांत चोवीस असतात, तो म्हणाला, एक तुम्ही आता काढलीत, म्हणजे तेवीस हव्या. इथे बावीसच आहेत, आणि या दोन काड्या कसल्या? काकांनी सांगितलं, तपासणीत प्रत्येक पेटीतली एक कापली होती, यातल्या दोन कापल्या.

“दोन का? खराब निघाल्या होत्या?”

आता एवढंच म्हणायचं होतं की नाही. दोन अक्षरं! पण ‘नाही’ म्हटलं की पेटी उठून पुलवाल्याच्या गाडीत बसणार, आणि बावीस अनोळखी माणसं एका संध्याकाळी तिची राख करणार. काकांनी मालकीणबाईंकडे पाहिलं नाही.

“हो,” ते म्हणाले. “हात कच्चा होता. ही एक बरी लागली, बाकीच्यांचं सांगता येत नाही.”

काळ्या दगडावरची रेघ! कंत्राटदाराने मान हलवली, खरं सांगितल्याबद्दल आभार मानले आणि दुसरी पेटी घेऊन गेला. मालकीणबाई बराच वेळ राखेच्या ताटलीत ठेवलेल्या त्या तिसऱ्या सिगारीकडे बघत राहिल्या. राख अजून तशीच उभी होती. मग त्यांनी पेटी कागदात गुंडाळली, काकांच्या हातात दिली आणि पंधरा दिवस थांबायची गरज नाही म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता, त्यामुळे काकांना ते जास्तच लागलं.

काकांची मुलगी दवाखान्यात औषधं द्यायचं काम करते. ती घरी आली तर टेबलावर पेटी. तिचा चेहरा फुलला. तिने झाकण उघडलं, वास घेतला, डोळे भरून आले तिचे. विकली कशी गेली नाही, तिने विचारलं. काकांना लेकीशी खोटं बोलता आलं नाही. सगळं सांगितलं.

मग पेटीतल्या दोन कांड्या काढून तिने त्यांच्यापुढे ठेवल्या.

“बाबा, या आईने आदल्या दिवशी घरीच तासल्या होत्या. मी शेजारी अभ्यास करत होते. विचारलं तर म्हणाली, तुझे बाबा उद्याही दोनच कापणार, मला माहितेय. पण शेवटचा दिवस आहे, उद्या तरी छान म्हणतील.”

मुलगी उठून आत गेली. काका तिथेच बसून राहिले. रडू आलं ते त्यांनी थांबवलं नाही. बारा वर्षं हजारो परक्या सिगारी सुकू नयेत म्हणून पाणी घालणारा माणूस, आणि घरातल्या एका माणसाला दोन चांगले शब्द घालता आले नाहीत. तेही थोडं झालं म्हणून आज चारचौघांत तिला कच्च्या हाताची ठरवलं, आणि कशासाठी, तर तिची आठवण घरी आणण्यासाठी!

दुसऱ्या दिवशी ते पेटी घेऊन दुकानात गेले. मालकीणबाईंकडून नंबर घेतला आणि त्यांच्या समोरच कंत्राटदाराला फोन लावला. आवाज खणखणीत ठेवायचा त्यांनी प्रयत्न केला.

“साहेब, काल मी खोटं बोललो. त्या दोन खराब नव्हत्या. त्या मी कापल्या, कारण वळणारी माझी बायको होती. अशी सिगार मी दुसरी पाहिली नाही. तुम्ही विचारलंत ना किंमत रास्त आहे का? कमी आहे, साहेब.”

मग कंत्राटदार म्हणाला की ठीक आहे, दुपारी माणूस पाठवतो, ती पेटीही घेतो, दोन्ही राहू देत माझ्याकडे. काकांना आणखी काही सांगायचं होतं, पण फोन ठेवला गेला होता. आणि खरं म्हणजे जे सांगायचं होतं ते त्याला सांगून काय उपयोग होता.

दुपारी माणूस आला. काकांनी पेटीतल्या कांड्या काढून घेतल्या, त्यांच्या जागी इतर पेट्यांत असायचा तसा कागदाचा बोळा बसवला, झाकण लावलं आणि पेटी त्याच्या हातात दिली. जपून न्या, एवढं सांगितलं. मग ओल्या खोलीत जाऊन त्यांनी काटा बघितला. ओलावा थोडा कमी होता. दोन्ही कांड्या शर्टाच्या खिशात टाकून त्यांनी पाण्याचं भांडं उचललं.