टेलरबाईंनी जोडलेलं रेलिंग

टेलरबाईंच्या दुकानावर एक खोली आहे आणि तिथे जायला बाहेरून चौदा पायऱ्यांचा लोखंडी जिना. खोलीत त्यांच्या सासूबाई राहतात, वय चौऱ्याऐंशी. रोज दोनदा त्या खाली उतरतात, दुकानात बसून काजं-बटणं करतात आणि सुनेच्या कटिंगमधल्या चुका काढतात. एका सकाळी रेलिंगचा खालचा खांब गंजून पायरीपासून सुटला आणि रेलिंग त्यांच्या हाताबरोबर बाहेर झुकलं. सासूबाई पडल्या नाहीत, मटकन पायरीवर बसल्या, एवढंच. पण बातमी नणंदेपर्यंत गेली. तिने फोनवर सांगून टाकलं की तीन आठवड्यांनी रविवारी ती गाडी घेऊन येईल आणि आईला कायमची आपल्याकडे नेईल. तिच्याकडे लिफ्ट आहे. सासूबाईंनी ती लिफ्ट पाहिली होती आणि तिथला दिवसभर बंद असणारा दरवाजाही. "मला तिथे कोंडू नका," असं त्या सुनेला एकदाच म्हणाल्या आणि काज करायला घेतलं.

दोन वेल्डर येऊन माप घेऊन गेले ते गेलेच. तिसरा मापालाही आला नाही. समोरच्या ग्रिलवाल्याची माणसं लांबच्या कामावर होती आणि त्याच्या स्वतःच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. वेल्डिंगच्या उजेडाकडे दोन महिने बघायचंही नाही, असं डॉक्टरांनी बजावलेलं. टेलरबाई म्हणाल्या, मग मी शिकते. ग्रिलवाला हसला.

"ताई, हे लोखंड आहे. उसवून परत शिवता येत नाही."

"मग भाऊ, चुकलेला जोड घासून काढायला तुम्ही ग्राइंडर कशाला ठेवलाय?"

ग्रिलवाल्याने हसू आवरलं आणि शिकवायचं कबूल केलं.

वेल्डिंगचं नवं मशीन घ्यायचं ठरलं, कारण ग्रिलवाल्याचं जुनं धूड घरच्या मीटरवर लावलं असतं तर अख्ख्या घराचे दिवे गेले असते. खोक्यावरच्या आकड्यावर जाऊ नका, त्याने सांगितलं. कमी वीज ओढणारं छोटं इन्व्हर्टर मशीन घ्या, पण दुकानातच वेल्डिंगचा एक जाडसर रॉड शेवटपर्यंत जाळून बघा. अर्ध्यात बंद पडलं तर ठेवा तिथेच. दुकानदाराने आधी मिस्टरांना घेऊन यायला सुचवलं. मिस्टरांना बल्बही बदलता येत नाही, असं टेलरबाईंनी शांतपणे कळवलं आणि भंगाराचा तुकडा मागून घेतला. पहिलं मशीन पाऊण रॉडला थांबलं. दुसरं थांबलं नाही. मग त्यांनी केबल चिमटीत धरून जाडी बघितली, अर्थचा चिमटा दाबून त्याची स्प्रिंग बघितली, चेहरा पूर्ण झाकणारं हेल्मेट आणि कोपरापर्यंत येणारे चामड्याचे हातमोजे घेतले. सोबत फुकट मिळणाऱ्या एप्रनचा मात्र एक दोरा ओढून काडीने पेटवला. दोरा वितळून त्याची गोळी झाली. "हे अंगाला चिकटेल," म्हणून एप्रन परत केला आणि घरी येऊन जाड सुती कॅनव्हासचा शिवला, खिशाशिवाय. खिशात ठिणगी पडते.

दुकानामागच्या मोकळ्या जागेत शिकवणी सुरू झाली. ग्रिलवाला काळा चष्मा लावून भिंतीकडे तोंड करून स्टुलावर बसे आणि पाठमोरा, नुसत्या कानांनी शिकवी. रॉड आगकाडीसारखा घासायचा. चिकटला तर घाबरायचं नाही, हात वळवून तोडायचा. चांगल्या जोडाचा आवाज तळणीसारखा एकसारखा येतो. "पटपट वाजतंय, रॉड लांब गेला," तो भिंतीला सांगे. "आता दबलाय. हां, असंच." टेलरबाईंना हे नवं नव्हतं. शिलाई मशीनमध्ये दोरा कुठे अडकला ते त्या तीस वर्षं आवाजावरूनच ओळखत आल्या होत्या. चौथ्या दिवशी त्यांची रेघ सरळ यायला लागली.

बाराव्या दिवशी त्यांनी न सांगता दोन पाइप जोडून त्याला दाखवायला नेले. जोड कुठे आहे ते शोधावं लागत होतं. ग्रिलवाल्याने तुकडा हातात फिरवला, चष्मा कपाळावर चढवून पाहिला, शिकंज्यात अडकवला आणि हातोडीचा एक घाव घातला. तुकडा सरळ दोन झाला.

पाइपाला भोक पडेल म्हणून टेलरबाईंनी करंट कमी ठेवला होता. नाजूक कापडावर इस्त्री मंद ठेवावी तसा. वरचा थर छान बसला, खालचं लोखंड वितळलंच नव्हतं. त्यात शिलाईवर इस्त्री फिरवावी तशी त्यांनी जोडावर ग्राइंडर फिरवून तो सपाट केला आणि जे थोडं धरलं होतं तेही घासून टाकलं.

"ताई, हे गिऱ्हाईकाला दाखवायचंय की आजींना धरायचंय?"

तुटलेला तुकडा त्यांनी कटिंगच्या टेबलावर, कात्रीशेजारी ठेवला. त्या दिवसापासून करंट वाढवून जोडलेला प्रत्येक तुकडा त्या स्वतः हातोडीने ठोकायच्या. आठ तुटले. नववा वाकला, पण तुटला नाही.

शनिवारी सकाळी सुटलेला आणि बाकीचेही गंजलेले खांब कापून त्यांनी नवे पाइप बसवले, खाली पायरीला आणि वर रेलिंगला जोडून. आधी चारी बाजूंनी कच्चे टाके, मग समोरासमोर थोडं थोडं, म्हणजे खांब एका अंगाला ओढला जात नाही. ग्रिलवाला जिन्याकडे पाठ करून ऐकत होता. काम संपल्यावर तो उठला, हातोडी घेतली आणि प्रत्येक जोडावर दोन-दोन घाव घातले. एकही जोड हलला नाही. मग हातोडी घेऊन घरी गेला.

रविवारी नणंद दहाला आली. जिन्याशी थांबून तिने रेलिंग दोन्ही हातांनी गदागदा हलवलं. मग जोड निरखले. ते जाड, खवलेखवले होते, वर नुसता रंग फासलेला.

"वहिनी, कपडे तर एवढे सफाईदार शिवता. हे काय गाठोडं बांधलंय?"

"वन्सं, घासलं की दम जातो."

तेवढ्यात सासूबाई वरून निघाल्या. एका हाताने रेलिंग धरून त्या सावकाश उतरल्या. प्रत्येक जोडापाशी थांबून अंगठ्याने चाचपलं, काज तपासताना करतात तसं. शेवटच्या पायरीवर त्यांनी लेकीला विचारलं, माझी बॅग कधी भरायची म्हणत होतीस. लेक रेलिंगकडे बघत राहिली, म्हणाली, राहू दे. "मग वर चल, चहा घे," म्हणून सासूबाई वळल्या आणि परत वर चढायला लागल्या. नणंद त्यांच्या मागोमाग गेली, रेलिंग धरून.