धायरी फाट्यावर धरलेला दोर

फुकट राबायला मिळावं म्हणून तुम्ही कधी अर्ज केला आहे का? पगार नाही हे आधीच माहीत असताना, तरीही आपली निवड व्हावी म्हणून दिवसातून चारदा मेल उघडून पाहिला आहे का? मी पाहिला आहे. ज्या घरातून मी पुण्यात आले, त्या घरात हे सांगणं सोपं नव्हतं.

जिंतूरच्या स्टँडवर अण्णा मला सोडायला आले होते. अण्णा म्हणजे माझे वडील. खिडकीतून हात आत घालून त्यांनी पाण्याची बाटली दिली आणि म्हणाले, "कामाला लाजू नको, माय. पण फुकट राबू नको कोणाच्या दारात." गाडी हलली तसे ते मागे सरले आणि सवयीने दोन्ही हात पसरून शेजारच्या माणसांनाही मागे सारलं. निरोप द्यायला आलेला माणूस हात हलवतो. माझे वडील गर्दी आवरत उभे होते. मला ते तसेच आठवतात.

सवय होती ती. वर्षातून एकदा आमच्या विहारापुढच्या मैदानात मोठा मेळावा भरतो, आसपासच्या खेड्यांतून माणसं येतात. रांगेच्या कडेने दोर धरून उभं राहायचं काम अण्णांचं. पांढरा सदरा, निळी टोपी, सकाळपासून संध्याकाळपर्यंत. दोर धरलेल्याने जागा सोडायची नाही, म्हणून रांगेतलंच कुणीतरी त्याला पाणी द्यायचं असा तिथला रिवाज. मी लहान असताना तांब्या घेऊन दोराच्या कडेने फिरायचे. एरवी अण्णा एका छापखान्यात मशीन चालवत आणि सुट्टीच्या दिवशी चळवळीची पत्रकं छापत. आमच्या घरात गोष्टींची पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. मी अक्षरं त्यांवरच शिकले, त्यामुळे बरीच वर्षं मला वाटायचं की वाक्य उद्गारचिन्हानेच संपतं. पुढे मी स्वतः पत्रकं लिहायला लागले तेव्हा अण्णांनी एकच गोष्ट सांगितली, "शेवटी लोकांना काहीतरी करायला सांगत जाय. नाहीतर तो नुसता कागद हाय."

पुण्यात पहिल्या दिवशी मी स्वारगेटला एका गृहस्थांना पत्ता विचारला. कुठून आले, कुणाकडे जायचंय, कोणती बस चुकली, सगळं सांगून मग विचारला. ते शांतपणे ऐकून म्हणाले, "पत्ता हवाय की आत्मचरित्र सांगायचंय?" मग पत्ता बरोबर सांगितला, हेही नोंदवते. या शहराची हीच रीत आहे. बोलणं कोरडं, माहिती अचूक.

त्यानंतर मी इथे नोकरी धरली. एका ॲप कंपनीसाठी मजकूर लिहिते. 'आत्ताच मागवा', 'संधी सोडू नका'. उद्गारचिन्हं तीच, मालक बदलला. धायरीत तिघींनी मिळून एक फ्लॅट भाड्याने घेतला आहे. इथला प्रत्येक खड्डा, टँकरची वेळ, कालव्याच्या कडेची पायवाट मला माहीत झाली. पण इतक्या वर्षांत मला कुणी पत्ता विचारला नाही. विचारलं जातं ते एकच, "तुम्ही मूळच्या कुठल्या?" घरमालकीण विचारते, मैत्रिणीची आई विचारते, ऑफिसातला नवा मुलगासुद्धा विचारतो. गाव सांगितलं की आडनाव विचारतात, आणि आडनाव सांगितलं की पुढचं विचारायची त्यांना गरज उरत नाही. तुमच्यापैकी जे माझ्यासारखे बाहेरून आलेत, त्यांना मी काय म्हणते ते कळलं असेल. या प्रश्नाचा मला इतका कंटाळा आला आहे की मी तो स्वतः कुणालाही विचारत नाही.

आणि मग ती शर्यत आली. देशोदेशींचे सायकलपटू पुण्यात येणार होते, टीव्हीवर जगभर दिसणार होतं. आमचा रस्ता रातोरात काळा कुळकुळीत झाला. गतिरोधक उखडले. जो खड्डा चुकवायला माझी स्कूटी आपोआप उजवीकडे वळायची तो बुजला, तरी ती अजून तिथे वळतेच. त्याच दिवसांत स्वयंसेवक हवेत अशी जाहिरात फिरली. फोटोत एक मुलगी होती. तिच्या टी-शर्टवर पाठीमागे मोठ्या अक्षरांत 'पुणे' लिहिलेलं आणि एक परदेशी माणूस तिला काहीतरी विचारत होता. ती हात लांब करून रस्ता दाखवत होती.

मी अर्ज केला. खेळाचं प्रेम वगैरे सगळं लिहिलं. खरं कारण त्या फोटोतला तो लांब केलेला हात होता.

निवड झाली. प्रशिक्षणाला एका शाळेच्या सभागृहात बोलावलं. आमचे समन्वयक एक निवृत्त बँक अधिकारी, सायकलीवरून आलेले, पँटच्या पायाला क्लिप लावलेली. शिट्टी, टोपी, टी-शर्ट, प्रमाणपत्र, जेवणाचं कूपन असं सगळं सांगून झाल्यावर मी उभी राहिले. एवढा मोठा कार्यक्रम, एवढे प्रायोजक, मग दिवसभर उभं राहणाऱ्यांना मानधन का नाही? आणि रस्त्याकडेच्या हातगाड्या हलवल्यात, त्या माणसांनी या दिवसांत खायचं काय?

समन्वयक काका चष्म्यावरून बघत म्हणाले, "ताई, आपण अर्ज केलाय की मोर्चा आणलाय?"

सभागृह हसलं. मीही हसले, कारण वाक्य चांगलं होतं. मग ते जरा खालच्या आवाजात म्हणाले, "अहो, मीसुद्धा फुकटच आहे." पण गाड्यांचं उत्तर त्यांच्याकडे नव्हतं.

शर्यतीच्या आदल्या रविवारी मी अण्णांना फोन केला. लपवून ठेवणं जमलं नसतं, टीव्हीवर दिसले असते तर? ऐकून त्यांनी विचारलं,

"काम काय हाय नेमकं?"

"दोर धरायचा. रस्ता मोकळा ठेवायचा."

"तुझा पणजोबा हेच करायचा."

ती गोष्ट मला माहीत होती. निजामाच्या काळात अंमलदार घोड्यावरून यायचा तेव्हा त्याच्यापुढे पळत रस्ता मोकळा करायचं काम पणजोबांच्या वाट्याला होतं. मजुरी नाही. चावडीपाशी पोचल्यावर घोड्याला पाणी मिळायचं, त्यांना मिळायचं नाही. आजोबांनी ते काम आणि तो धर्म एकदमच सोडला. आमच्या घराची सुरुवात तिथून होते.

मी चिडले. "तुम्हीही फुकटच धरता की दोर, दरवर्षी."

"मी माझ्या माणसांसाठी धरतो. तू कोणासाठी धरायलीस?"

सभागृहात उभी राहून प्रश्न विचारणारी मी, फोनवर गप्प. फोन ठेवण्याआधी ते एवढंच म्हणाले, "अन् पाणी? तिथं पाणी कोण देणार तुला?"

शर्यतीच्या दिवशी मला धायरी फाटा मिळाला. सकाळी दोर लावला आणि तिथून पुढे शहर माझ्यावर रागावलं. दवाखान्यात जायचंय, क्लासला उशीर झालाय, पलीकडे सासरे उभे आहेत. "ओ मॅडम, अजून किती वेळ?" मला माहीत नव्हतं. एक आजोबा पिशवी सावरत म्हणाले, "उभा जन्म सायकल चालवली आम्ही. आमच्यासाठी कुणी कधी रस्ता अडवला नाही."

मग त्यांनीच विचारलं, "बरं, मला पलीकडे औषधाच्या दुकानात जायचंय. कसं जाऊ?"

एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. मी हात लांब केला. मागच्या गल्लीने कालव्यापर्यंत, कडेच्या पायवाटेने पुढे, पुलाखालून पलीकडे. तिथे दोर नाही.

"बरोबर निघालं तर ठीक," ते म्हणाले. "नाहीतर परत येतो भांडायला."

ते परत आले नाहीत.

ऊन चढलं. पाण्याचे खोके घेऊन फिरणारी गाडी आमच्या फाट्यावर थांबलीच नाही, सरळ खडकवासल्याकडे गेली. तिची वाट बघण्यात अर्थ नव्हता आणि दोर सोडता येत नव्हता. पाय सुजल्यासारखे झाले होते, घसा कोरडा पडला होता. कुणासाठी उभी आहे हा अण्णांचा प्रश्न डोक्यात घुमत होता, आणि खरं सांगते, त्या क्षणी मला कुणासाठीही उभं राहायचं नव्हतं. खाली बसायचं होतं.

"घे गं."

दोराच्या पलीकडून बाटली पुढे आली. सुमनबाई होती. याच फाट्यावर तिची भाजीची गाडी लागायची. मेथी, शेपू, आंबट चुका मी कायम तिच्याकडूनच घ्यायचे. शर्यतीसाठी ज्या गाड्या हलवल्या त्यांत तिची होती. ज्यांनी तिला हलवलं त्यांचा टी-शर्ट माझ्या अंगावर, आणि ती मला पाणी देत होती.

मी घटाघटा प्यायले. तोंड पुसत बोलून गेले, "लई बरं वाटलं बघा."

तिने डोळे बारीक केले. "कुठली गं माय तू?"

"जिंतूरची."

"अगं, मी सेलूची की! इतके दिवस मेथी घेऊन जातीस, बोलली न्हाईस कधी."

नव्हते बोलले. ज्या प्रश्नाचा मला कंटाळा होता तो मी तिलाही विचारला नव्हता. तिच्या विचारण्यात मात्र पहिल्यांदाच मोजमाप नव्हतं, नुसती ओढ होती. मी विचारलं, गाडी परत कधी लावणार? ती म्हणाली, "ते तूच सांग. तू त्यांची माणूस." टोमणा होता. लागला.

तेवढ्यात सायकली आल्या. मधमाश्यांचं मोहोळ जावं तसा आवाज, अंगावरून वारा, रंग, आणि संपलं. लोक दोराखालून वाकून रस्त्यावर आले आणि पांगले. मी दोर गुंडाळत बसले.

रात्री अण्णांचा फोन. शर्यत कशी झाली, टीव्हीवर दिसलीस का, काहीच नाही.

"पाणी मिळालं का?"

"मिळालं."

"कोणी दिलं?"

मी सांगितलं. ते म्हणाले, "तिची गाडी लागली का परत?"

लागली नव्हती. अजूनही लागलेली नाही. प्रमाणपत्र आलं, त्यावर माझं नाव नीट लिहिलं आहे. रस्ता अजून गुळगुळीत आहे. फाट्यावर गाडीच्या जागी कुंड्या ठेवल्यात. मी वॉर्ड ऑफिसात दोनदा जाऊन आले, आणखी जाईन. दमले आहे, पण जाईन. 'तू कोणासाठी धरायलीस' या अण्णांच्या प्रश्नाचं उत्तर मला जरा उशिरा सापडलं, आणि सापडल्यावर दोर हातात नव्हता.

जिंतूरला अजून कुणीतरी आईला विचारतं, पोरगी दिसत नाही? मी तिथून गेले हे तिथे जाणवतं. घर म्हणजे तेवढंच असावं, असं मला आता वाटतं. कोण दिसेनासं झालं हे जिथे आपल्या लक्षात येतं, ते घर. कुंड्यांशेजारून जाताना रोज मला सुमनबाई दिसत नाही, म्हणजे धायरी आता माझी आहे. त्यासाठी पाठीवर 'पुणे' लिहायची गरज नव्हती.

शेवटी लोकांना काहीतरी करायला सांगायचं, हा अण्णांचा नियम मोडणार नाही. हे वाचून झालं की तुमच्या नाक्यापर्यंत चालत जा. शर्यतीसाठी, पाहुण्यांसाठी, कशाहीसाठी कुणाची गाडी तिथून हलवली आणि परत लागली नाही, ते बघा. ते माणूस आता कुठे बसतं ते शोधा. त्याला नाव विचारा, गाव विचारा. मग त्याला सोबत घेऊन वॉर्ड ऑफिसात जा, आणि जाताना पाण्याची बाटली न्या. तिथे बराच वेळ उभं राहावं लागतं.