पंधरा दिवसांच्या गोळ्या

वस्तीवरच्या एकवीस घरांपैकी सतरा घरांना कुलूप होतं. मी रजिस्टर हातात धरून उभी होते आणि सोबत आलेल्या आशाताई माझ्याकडे बघायचं टाळत होत्या.

पुण्यातलं हॉस्पिटल सोडून पाथर्डी तालुक्यातल्या या पीएचसीला, म्हणजे सरकारी दवाखान्याला, डॉक्टर म्हणून येऊन मला दोन महिने झाले होते. ओपीडीला रोज झुंबड. या माळावर एवढी माणसं राहतात तरी कुठे, असं वाटायचं. दसरा झाला आणि ओपीडी एकदम ओस पडली. मला वाटलं, आपल्या औषधांना गुण आला. शहाणपण उतू चाललं होतं माझं!

आम्ही सविताला शोधत होतो. विशीतली पोर, सातवा महिना. दसऱ्याआधी तपासायला आली तेव्हा पाय सुजलेले, बीपी वाढलेलं. गरोदरपणात बीपी वाढलं की बाळाला रक्त कमी पोचतं, आईला झटके येऊ शकतात. गोळी चुकवून चालत नाही.

"मॅडम, दोन म्हयन्याच्या देता का गोळ्या?" तिनं विचारलं होतं.

"नाही. पंधरा दिवसांच्याच. संपल्या की यायचं, बीपी दाखवायचं, मग पुढच्या."

ही माझी पुण्यातली युक्ती. जास्त गोळ्या दिल्या की पेशंट परत फिरकत नाही. सविता "बरं" म्हणून गेली. ठरल्या तारखेला आली नाही. दोन दिवस वाट पाहून मी वस्तीवर गेले.

तिची सासू ओट्यावर ज्वारी निवडत होती. "ती गेली की ऊस तोडायला. मुकादमाचा ट्रक आल्ता."

"मावशी, अशा अवस्थेत?"

"मंग? नवरा-बायकूचा मिळून एक कोयता आस्तो. ती मागं ऱ्हायली तर त्याला एकट्याला कोनता मुकादम कामाला घेतोय? माझा त्यो पोरगा बी उसाच्या फडातच झाला."

सविताच्या नवऱ्याचा फोन बंद होता. मी तालुक्याला आरोग्य अधिकारी साहेबांना फोन लावला.

"मॅडम, ती आता आपल्या एरियात नाही. तिकडच्या पीएचसीला कळवा."

"तिकडच्या म्हणजे कुठल्या, सर?"

"ते बघा तुम्ही."

मुकादमाचा नंबर मिळायला तीन दिवस गेले, फड सापडायला आणखी दोन. तिकडची नर्स पोचली तेव्हा गोळ्या संपून आठवडा झाला होता. आदल्या दिवशी सविताला फडातच झटके आले होते. ती वाचली. मुलगी पोटातच गेली.

मी लेबर रूमचं दार लावून रडले. त्याच गोळ्यांचे डबे समोरच्या कपाटात भरलेले होते.

उन्हाळ्यात ऊस संपल्यावर सविता परतली आणि स्वतःहून दवाखान्यात आली. बीपी तपासताना मी म्हटलं, "जायचंय हे मला सांगायचं ना गं."

"सांगितलं आस्तं तर तुमी जाऊ नको म्हनला आस्ता. घरात भांडान झालं आस्तं. आन् जावं तर लागलंच आस्तं."

खरं होतं. मी तेच म्हटलं असतं.

आता गणपती उठले की प्रत्येक गरोदर बाईला मी आधी विचारते, "कधी निघायचंय?" जाऊ नको म्हणत नाही. मुकादमाचा नंबर लिहून घेते, तिकडच्या दवाखान्याला फोन करते आणि गोळ्या पुरतील एवढ्या देते. बाई जाणारच आहे हे धरून औषध द्यायचं असतं. एवढी साधी गोष्ट मला कळायला सविताची मुलगी जावी लागली.