‘मी बरी आहे’चं बटण

नांदेडला आमच्या ऑफिसात आम्ही मोबाईलची ॲपं बनवतो. त्यातलं एक एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठी आहे. सकाळी उठून ‘मी बरी आहे’ असं लिहिलेलं हिरवं बटण दाबायचं, की लेकरांच्या फोनवर निरोप जातो. चाचणीसाठी बळीचा बकरा कोण, तर माझी आई. ती जळकोटजवळच्या आमच्या गावात एकटी राहते. रान बटईनं दिलंय, पण दोन म्हशी अजून स्वतः बघते.

सुरुवातीला छान चाललं. मग मधेच एखाद्या दिवशी निरोप यायचाच नाही. पुण्याहून दादाचा फोन यायचा, “आई विसरायला लागली बघ. आणखी महिनाभर असंच चाललं तर मी तिला घेऊन जातो.” आई म्हणायची, “रोज दाबते की मी. आन् पुण्याला जाऊन काय करू? म्हशी बांधू का त्याच्या गॅलरीत?”

तिला जायचं नव्हतं, एवढं मला स्वच्छ कळत होतं. आणि खरं सांगायचं तर त्या बिघाडानंही मला झपाटलं होतं. रोज बिघडणारी गोष्ट सोपी असते. कधी चालते, कधी नाही, अशा गोष्टीचा नाद लागला की मला जेवण गोड लागत नाही.

सर्व्हरच्या नोंदी उघडून बसले. निरोप चुकलेल्या दिवशी आईच्या फोनकडून जोडणी सुरू व्हायची आणि मधेच तुटायची. दार वाजवून कुणीतरी निघून जावं तसं. ऑफिसातले म्हणाले, “टॉवरचं असंल, सोड की.” मी कसली सोडते! निरोपासाठी सर्व्हरनं थांबायची मुदत वाढवून पाहिली, फरक पडला नाही. गावात वीज कधी गेली ते शेजारच्या काकूंना विचारलं, तर वीज गेलेल्या दिवशी निरोप आलेला आणि वीज असताना चुकलेला. शेवटी रोज सकाळी आईला आधी साधा फोन करून मग व्हिडिओ कॉल लावायला लागले, “माझ्यासमोर दाब.” ती दाबायची आणि निरोप पोचायचा. दरवेळी. कॉल लावला नाही की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. मास्तर वर्गात असेपर्यंत शहाण्यासारखं बसणारं पोर असतं ना, तसलं ते ॲप वागत होतं. मला त्याचा राग येत होता आणि गंमतही वाटत होती.

मग एसटी धरली आणि गावी गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी ओसरीवर गोधडीत पडून डोळे किलकिले करून बघत राहिले. आई धार काढून आली. पदराला हात पुसले, फळीवरचा फोन घेतला, नेट चालू केलं, बटण दाबलं आणि लगेच नेट बंद करून फोन परत फळीवर ठेवला.

मी ताडकन उठून बसले. “आई, नेट का बंद केलंस?”

“काम झालं की बंद करावं. खोलीतून निघताना तू दिवा चालू ठेवतीस का?”

मला हसू आवरेना. टॉवर चपळ असला की निरोप निसटून जायचा. सुस्त असला की निरोप पोचायच्या आतच आई त्याची वाट बंद करायची. आणि मी व्हिडिओ कॉल लावला की माझ्याशी बोलायला नेट चालूच राहायचं. म्हणजे बिघाड बघायला मीच जायची आणि नकळत दुरुस्तही मीच करायची.

“मंग बंद करू नको का?” आईनं विचारलं.

“कर गं. तुझी सवय चांगली आहे. आमच्या ॲपलाच अक्कल नाही.”

परत आल्यावर ॲप बदललं. न गेलेला निरोप आता फोनमध्ये राहतो आणि नेट चालू झालं की आपोआप जातो. बटण दाबलं की मोठ्या अक्षरांत येतं, ‘जरा थांबा, निरोप जातोय.’ आईनं वाचलं आणि म्हणाली, “हाव, असं आधीच सांगायचं की.”

निरोप रोज येऊ लागले. महिना सरल्यावर मी ऐटीत दादाला फोन केला. “बघ, आई विसरत नव्हती. आता न्यायचं काही कारण नाही.”

“बरं झालं,” तो म्हणाला. “मी आतली खोली रिकामी करून ठेवली होती. तिला खाली बसायला त्रास होतो ना, म्हणून पलंगपण आणला.”

इतके दिवस मी आईला त्याच्यापासून वाचवत होते. त्याला ती हवी होती, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. फार वाईट वाटलं मला.

संध्याकाळी आईला सगळं सांगितलं.

“घेऊन जातो, घेऊन जातो म्हणायचा,” ती म्हणाली. “मला वाटलं, रागावलाय माझ्यावर. नुसतं ये म्हणाला असता, तर म्हशी शेजारणीकडं बांधून गेले नसते का मी?”