हे समोर बसले की रीस्टार्ट होणारा कॉम्प्युटर

सुरुवातीलाच सांगते, या सदरातले अनुभव मी आजवर हसायला म्हणून वाचत आले. तीस वर्षं जर्मनीत, हॅनोव्हरच्या एका केमिकल लॅबमध्ये नोकरी केली. भुताखेतांना माझ्या घरात कधी चहासुद्धा मिळाला नाही. तरी लिहितेय, कारण हे सगळं माझ्या डोळ्यांदेखत घडलं... आणि तेही सकाळी साडेदहाला, लख्ख उजेडात.

शहराच्या लिंडेन भागात दुसऱ्या मजल्यावर आमचं घर. मी आणि हे, म्हणजे माझे यजमान, दोघंच. मागच्या जानेवारीत ह्यांना स्ट्रोक झाला. उजवा हात थोडा सुधारला, पण वाचा गेली ती गेलीच. ना मराठी, ना जर्मन. आयुष्यभर मशीन्स जोडणारा, मुलीशी फोनवर तास-तास बोलणारा माणूस नुसता बघत बसायचा. समजायचं सगळं. डॉक्टर म्हणायच्या, "वाट बघू या," पण दर भेटीत त्यांचा आवाज जरा खाली यायचा. मला फार काही नको होतं हो... एकदा "अगं" म्हणावं, बस्स.

लोगोपेडीच्या, म्हणजे बोलायला शिकवणाऱ्या थेरपीच्या बाईंनी घरी करायला एक प्रोग्राम दिला होता. स्क्रीनवर चित्र येतं, त्याचं नाव म्हणायचा प्रयत्न करायचा. कॉम्प्युटर आमचा जुनाच, ह्यांनी स्वतः जोडलेला. ऑक्टोबरपासून तो मधेच बंद पडून आपोआप रीस्टार्ट व्हायला लागला. सफरचंद आलं, मांजर आलं... की स्क्रीन काळी!

मी वही काढली. लॅबची सवय – एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि लिहून ठेवायची. अपडेट्स केले, व्हायरस बघितला, पंख्यावरची धूळ काढली, वायर बदलली, दुसऱ्या सॉकेटला लावून पाहिलं. काही फरक नाही. आठवड्याने वही चाळली, तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. मी ई-मेल लिहिताना तो एकदाही बंद पडला नव्हता. पुण्याच्या बहिणीशी तासभर व्हिडिओ कॉल केला, तेव्हाही नाही. फक्त हे समोर असले की.

मला भीती नाही, रागच आला. आता मशीननेही ह्यांच्यावर डूख धरायचा?

शेजारच्या हेर ब्राण्टना, म्हणजे ब्राण्टसाहेबांना, बोलावलं. रेडिओ-टीव्ही दुरुस्त करण्यात त्यांची हयात गेली. म्हणाले, "हं, व्हीलचेअरचं चाक वायरवर येत असणार." वायर भिंतीकडून फिरवली. रीस्टार्ट. ह्यांना साध्या खुर्चीत बसवलं. रीस्टार्ट. मग ब्राण्ट स्वतः बसले, सगळी चाळीस चित्रं म्हणून झाली... मशीन मुकाट चाललं. ते मान हलवत घरी गेले.

शेवटी एका मंगळवारी सकाळी मी कॉम्प्युटरचं कॅबिनेट उघडलं. मेमरीच्या पट्ट्या काढून पुन्हा बसवून बघाव्यात, असं नेटवर वाचलं होतं. हे शेजारी बसून बघत होते. मी आत हात घातला...

"प्लग! अगं, प्लग काढ आधी!"

मी दाराकडे वळून बघितलं, कोण आलं म्हणून. खरंच! मग लक्षात आलं. आवाज घोगरा, शब्द जड, पण ह्यांचाच. आणि सूरही तोच, बायकोला यातलं काही कळत नाही हे गृहीत धरणारा. मी जमिनीवर बसले आणि हमसून हमसून रडले. हे आपले "प्लग... प्लग" म्हणतच होते, कारण तो मी अजून काढला नव्हता.

काढला, आणि त्यानंतर कॉम्प्युटर सुरूच होईना. ब्राण्टनी आतला वीज पुरवणारा डबा घरी नेऊन उघडला. दुपारी डबा घेऊन परत आले. डब्याच्या आतला भाग करपला होता आणि त्या काजळीवर धुळीचा जाड थर. "हा वर्षभर तरी मेलेला आहे," ते म्हणाले. "रीस्टार्ट सोडा, हा एकदाही चालू व्हायला नको होता."

"मग बहिणीशी मी बोलले ती कशावर?"

त्यांनी डबा माझ्यासमोर धरून करपलेला भाग पुन्हा दाखवला.

ह्यांच्या बोलण्याचं कारण डॉक्टरांनी दिलं. घाबरल्यावर, चिडल्यावर असे शब्द कधीकधी बाहेर पडतात म्हणे. पटतं मला. पण तो डबा? आणि फक्त ह्यांच्यासमोरच का? याचं उत्तर माझ्या वहीत नाही.

नवा डबा बसवलाय. हे रोज चित्रं करतात. आता तीन-तीन शब्दांची वाक्यं येतात. गेल्या रविवारी मुलीशी फोनवर बोलले, तीच जास्त रडली. परवा न राहवून विचारलं, "अहो, तुम्ही इंजिनीयर ना? तुम्हीच सांगा, कसा चालला तो?"

ह्यांना काहीही विचारलं की पूर्वी अर्ध्या तासाचं लेक्चर मिळायचं. त्या दिवशी आधी कॉम्प्युटरकडे बघितलं. मग हसले आणि अगदी स्पष्ट म्हणाले, "मला माहीत नाही."

चाळीस वर्षांच्या संसारात हे वाक्य मी पहिल्यांदाच ऐकलं. पुन्हा एकदा म्हणायला लावलं.