खिडकीशी धरलेली पट्टी

मुरबाडहून शहापूरला जाणाऱ्या एसटीत ती माझ्या शेजारी बसली. अंगात कारखान्याचा निळा कोट, डोळे जागरणाने तांबारलेले. हातातली प्लास्टिकची पारदर्शक पट्टी ती सारखी खिडकीशी धरून पाहत होती.

"काय बघतेस गो एवढं?"

"दोन प्लास्टिकं वितळवून एक केलीत, आजी. एकाचे रेणू ताठ, दुसऱ्याचे लवचीक. गरम असतात तोवर एकजीव, मग हळूहळू आपापले कळप करतात आणि पट्टी धुरकट होते. आजची स्वच्छ राहिली तरच माझी नोकरी राहील."

"मग त्या ताठाला मऊ कर की."

"केलंय थोडं. जास्त केलं तर या प्लास्टिकचा डबा उभाच राहणार नाय."

किन्हवलीच्या पुढे ती माझ्या खांद्यावर झोपली. पट्टी मांडीवर पडली होती. तिची एक कड दुधाळ व्हायला लागली होती.

तरुणपणी माझी मान म्हणजे लोखंडी कांब. खरं ते तोंडावर सांगायची कोण मिजास! तेव्हाची मी असते तर तिला गदागदा हलवून उठवलं असतं.

आता मी पट्टीवर पदर टाकला आणि शहापूर येईपर्यंत खांदा हलवला नाही.