दोन माणसांची गाडी

मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला त्याच्या पुढच्या वर्षी माझं लग्न झालं, आणि लग्नाच्या पुढच्या वर्षी नवऱ्यानं गाडी आणली. समोर मी त्याला आयुष्यभर अहो-जाहोच केलं. लिहिताना ‘तो’ म्हणते, एवढी सवलत मी घेतली आहे. गाडी हैदराबादहून आली. कुणा जुन्या जागीरदार घराण्यातल्या माणसानं शौकानं घेतलेली आणि मग पत्र्याखाली ठेवून विसरलेली. इंग्रजी बनावटीची, लाल, बुटकी, कापडी छपराची. पुढं दोन जागा आणि मागं काहीच नाही.

आमचं गाव गंगाखेडहून पालमला जाणाऱ्या रस्त्याच्या आत. घरात लहानमोठी धरून अठरा-वीस माणसं. सासऱ्यांना मी मामंजी म्हणत असे. ते अंगणात उभे राहिले, गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, “बाकीचे कुठं बसायचे?”

“ही शर्यतीच्या घडणीची हाय. हिच्यात दोघंच बसतात,” नवरा म्हणाला.

“मंग बैलगाडी बरी की. सगळं घर बसतंय आन् पेट्रोल लागत न्हाई.”

सगळे हसले. मी स्वयंपाकघराच्या दाराआड होते, मी नाही हसले. मला मागची जागा नाही याचाच आनंद झाला होता. त्या घरात नवरा-बायकोचं बोलणं रात्री, तेही कुजबुजीत. भिंतीपलीकडे सासूबाई खोकल्या की आम्ही दोघं गप्प. दिवसा तो माझ्याशी बोलायचा ते ‘पाणी दे’ आणि ‘चाव्या कुठं हायेत’ एवढंच. मला एकदा दिवसाउजेडी त्याच्या शेजारी बसून, मोठ्यांदा बोलत कुठंतरी जायचं होतं. परभणीपर्यंत चाललं असतं. या गाडीत तिसरं माणूस बसूच शकत नाही, म्हणजे आता हे होणार, असं मी धरून चालले. विशीत माणूस असं काहीही धरून चालतं.

गाडी काय खाते ते मला हळूहळू कळत गेलं. पेट्रोल गंगाखेडला मिळे. ते आणायला गाडीच न्यावी लागे, आणि आणलेल्यातलं पाव पेट्रोल आणण्यातच जाई. आमचा रस्ता काळ्या मातीचा, बैलगाड्यांच्या चाकोऱ्या खोल गेलेल्या. मधल्या उंचवट्यावर गाडीचं पोट घासे आणि तेलाच्या टाकीला भोक पडे. मृगापासून दिवाळीपर्यंत ती विटांवर उभी, वर ताडपत्री, आत कोंबड्या. बाहेर काढावी तर एखादं रबर गेलेलं असे आणि ते रबर हैदराबादशिवाय कुठं मिळत नसे. नवरा हैदराबादला जाई, दोन दिवसांनी मूठभर सामान घेऊन परत येई, आणि त्यातलं एक तरी चुकीचं निघे. मामंजी काही बोलत नसत. फक्त कारखान्याचं उसाचं बिल आलं की एकदा गाडीकडे बघत आणि पैसे घेऊन आत जात.

गंगाखेडचा मिस्त्री महिन्यातून एकदा तरी येई. बोनेट उघडून बराच वेळ आत बघे, चहा पिई आणि म्हणे, “गाडी को कुछ नै हुआ साब. गरम हुई बस.” हे त्याचं ठरलेलं निदान होतं. आणि खरं दुखणंही तेच. सकाळी थंड असताना गाडी पहिल्या झटक्यात सुरू व्हायची. पण एकदा गरम झाल्यावर बंद केली की तास-दीड तास मढं. मग ढकलायची.

हाक मारली की गाव ढकलायला धावेल, असं नवऱ्याला वाटत होतं. आधी धावलंही असतं. पण नामांतराच्या वर्षी आमच्या भागातल्या दलित वस्त्यांचं जे झालं, त्यानंतर गावाच्या खालच्या अंगाची माणसं आमच्या घराच्या हाकेला यायची बंद झाली होती. मला त्यात वावगं काही दिसलं नाही. नवऱ्यानंही कधी तक्रार केली नाही. पण मग ढकलायला उरले दोन सालगडी आणि माझा धाकटा दीर, आणि दीर जोर लावताना तोंडानंच जास्त लावत असे.

त्यात लग्नसराई. पंचक्रोशीतला प्रत्येक नवरदेव मारोतीला जायला घोड्याऐवजी लाल गाडी मागू लागला. शर्यतीच्या घडणीची ती गाडी चैत्र-वैशाखाच्या उन्हात बँडवाल्यांच्या मागं, माणसाच्या चालीनं, क्लच दाबून दाबून चालली. क्लचच्या पट्ट्या जळाल्या, रेडिएटर उकळला. लोकांकडून भाडं कसं घेणार? नवऱ्याला मान म्हणून टॉवेल-टोपी आणि नारळ मिळे. नारळाच्या आम्ही वड्या केल्या. टोप्या सालगड्यांना दिल्या. टॉवेलांनी एक ट्रंक भरली, आणि मिस्त्री काही टॉवेल घेऊन क्लच बसवून देत नव्हता. माझ्या जागेवर त्या दोन उन्हाळ्यांत किती नवरदेव बसले असतील कोण जाणे. मी एकदाही नाही.

कारण आमच्याकडे सून मोठ्या माणसांसमोर नवऱ्याशेजारी वाहनात बसत नसे. बैलगाडीतूनसुद्धा मारोतीच्या पाराअलीकडे उतरायचं, पदर सावरून खाली मान घालून पारावरून चालत जायचं, वेस ओलांडायची आणि ओढ्यापलीकडच्या बाभळीखाली परत बसायचं. हे कुणी शिकवलेलं नव्हतं. सगळ्याच करत.

तरी एकदा आमचं ठरलं. परभणीला जाऊन सिनेमा बघायचा. घरी सांगितलं, दातांच्या डॉक्टरकडे. मी पुढं चालत निघाले. पारावरची माणसं, वाटेतल्या बायका, प्रत्येकीला थांबून ‘दात दुखायलाय’ सांगता सांगता मला ओढ्यापर्यंत जायला चांगलाच उशीर झाला. नवरा केव्हाचा बाभळीखाली येऊन थांबलेला. नुसतं उभं राहून पेट्रोल जळतंय म्हणून त्यानं गाडी बंद केली होती.

तिथंच सगळं आटोपलं. मी शेजारी बसले, त्यानं चावी फिरवली, गाडी कण्हली आणि गप्प झाली. तो गावात गेला, सालगडी आणि दीर घेऊन आला. ते दिसताच मी उतरून बाभळीच्या मागं. बाभळीपासून उतार आहे तो ओढ्याकडं, म्हणजे गावाच्याच बाजूला. म्हणून त्यांनी गाडी गावाकडं तोंड करून ढकलली. ती सुरू झाली आणि नवरा माझ्यासमोरून गावाकडं निघाला.

“थांबा ना!” मी ओरडले.

“थांबलो की बंद पडंल!” तो ओरडला. “पळत ये!”

चालत्या गाडीत उडी मारायला मी काही एस.टी.ची कंडक्टर नव्हते. मी चालत घरी आले. पारावर एकानं विचारलं, “दात पडला का सूनबाई?” रागापेक्षा लाजच जास्त वाटली, आणि लाजेपेक्षा असं वाटलं की हे आता कधीच व्हायचं नाही.

त्यानंतरही दोनदा जमवलं. एकदा बाभळीपर्यंत पोचले तर माझ्या जागेवर चुलत सासरे बसलेले, त्यांना गंगाखेडच्या दवाखान्यात जायचं होतं. एकदा पाण्याचा कॅन आणि मिस्त्री. मग मी विचारणं सोडलं. नवऱ्यानंही विषय काढला नाही. मला वाटलं, त्याच्या हे लक्षातच नसेल. त्याला गाडीचं वेड, गाडीत कोण बसतं याचं नाही.

असं पाचेक वर्षं चाललं. मग एका वर्षी उसाचं बिल आल्यावर मामंजी आत गेले नाहीत. ओट्यावर बसले आणि म्हणाले, “ह्या सुगीत गाडी इकायची.” नवरा मान खाली घालून ‘हो’ म्हणाला. परभणीचा एक मंडपवाला घ्यायला तयार झाला, वरातींसाठी भाड्यानं लावायला. त्याची अट एकच, गाडी दुपारच्या आत स्वतःच्या चाकावर आली तर सौदा. ओढून आणली तर नाही. त्याला आणखी एक गाडी मिळत होती.

नेमका आदल्या दिवशी पेट्रोलचा पंप गेला. टाकीतून पेट्रोल इंजिनापर्यंत जाईना. मिस्त्रीनं त्याच्या पद्धतीनं इलाज केला. एका छोट्या कॅनमध्ये पेट्रोल, त्याला रबरी नळी, नळी काचेवरून बोनेटखाली. कॅन कुणीतरी हातात उंच धरून बसायचं. वरून पेट्रोल उतरत राहील. कॅन खाली आला की गाडी बंद. मिस्त्रीला स्वतःला यायचं होतं, पण त्याच्या पुतणीचा निकाह होता.

सकाळी अंगणात गाडी सुरू करून उभी केली. कॅन धरायचा कुणी? सालगडी ज्वारी काढायला गेलेले. दीर म्हणाला, “पेट्रोल डोक्यावर धरून म्या न्हाई बसत. उन्हाचं भडकलं म्हंजी?” चुलत दीर घरातून बाहेरच आला नाही. मामंजी घड्याळाकडं बघू लागले. गाडी घुरघुरत होती आणि नवरा एका हातानं कॅन वर धरून दुसऱ्या हातानं स्टिअरिंग वळवता येतं का ते करून बघत होता.

“मी बसते,” मी म्हणाले.

सासूबाईंनी माझ्याकडं पाहिलं, मग मामंजींकडं. मामंजी गाडीपुढून बाजूला झाले. मग म्हणाले, “बस म्हणावं. चालू हाय तवर निघा.”

मी सगळ्यांदेखत अंगणात नवऱ्याशेजारी बसले. कापडी छप्पर मागं दुमडलेलं होतं, मी कॅन दोन्ही हातांनी डोक्याच्या वर धरला. गाडी थांबवता येत नव्हती, म्हणून पाराजवळ मी उतरले नाही. पारावरच्यांनी माझ्याकडं बघितलंच नाही, सगळे कॅनकडं बघत होते. जी गोष्ट हौसेसाठी कधी चालली नसती ती सौद्यासाठी चालली, हे मला तेव्हाच कळलं. पण मला त्याचं काही वाटलं नाही. मी खुशीत होते.

दोन्ही हात वर, त्यामुळे पदर सावरता येईना. गोदावरीच्या पुलावर तो सुटला आणि खांद्यावर फडफडत राहिला. गंगाखेड मागं पडलं, पुढं परभणीचा डांबरी रस्ता सरळ लागला. त्या गाडीला बँडशिवाय रस्ता मिळाल्याचं मी पहिल्यांदाच पाहिलं. ती पळाली. दोन्ही बाजूंना कापणीला आलेली ज्वारी नुसती रेष होऊन मागं जात होती. वाऱ्यानं आणि इंजिनानं एवढा आवाज की बोलायचं म्हणजे ओरडायलाच हवं. मी ओरडून बोलले. काहीबाही. ज्वारी चांगली आली, ते बघा ज्वारीत रोही घुसलंय, तुमच्या कानाला तेल लागलंय. तो ओरडून हो-हो म्हणत होता. त्याचा चेहरा पडलेला होता.

“एवढं वाईट वाटतंय गाडीचं?” मी ओरडले.

“गाडीचं न्हाई.”

“मग?”

त्यानं माझ्याकडं पाहिलं नाही, रस्त्याकडं बघतच ओरडला, “हैदराबादला दुसरी होती! चार माणसांची! निम्म्या किमतीत! चांगली होती, तिला कायबी झालं नसतं!”

“मग ती का नाही घेतली?”

“तिला मागं जागा होती!”

कॅन वर धरलेले हात एकदम जड झाले. पाच वर्षं मी त्याच्याकडं बघून मनात जे जे म्हटलं होतं ते आठवलं. पाराअलीकडे, बाभळीखाली, दाराआड मी एकटीच वाट बघत होते असं धरून चालले होते.

परभणी अजून बरंच लांब होतं आणि ऊन डोक्यावर आलं नव्हतं, म्हणजे आम्ही वेळेत पोचलो असतो. मंडपवाल्यानं मोजून पैसे दिले असते आणि आम्ही एस.टी.नं परत आलो असतो. मी पुढं बायकांच्या सीटवर, तो मागं पुरुषांत उभा. गाडी शेवटी विकली गेली, पडत्या भावात, पावसाळ्याच्या तोंडावर. पण त्या दिवशी नाही.

त्या दिवशी मी कॅन खाली आणला आणि पायाशी ठेवला.

गाडी थोडी पळाली, मग दोनदा हिसकली आणि एका लिंबाच्या अलीकडं थांबली. सगळं एकदम शांत झालं. रस्त्यावर कुणी नव्हतं. नवऱ्यानं आधी कॅनकडं पाहिलं, मग माझ्याकडं. ढकलायला उतरायचं म्हणून त्यानं दार उघडलं होतं, ते हळूच परत ओढून घेतलं.

“हात लय दुखायलेत का?” त्यानं विचारलं.

“नाही,” मी म्हणाले.